पित्ताची गोळी: चघळण्याआधी थोडंसं

[दृश्य: रात्रीची वेळ. मेडिकलचं काउंटर. कात्रीने पट्टी कापणारे हात.]

रात्रीची जेवणं आटोपली की कुठल्याही मेडिकलसमोर जरा वेळ उभं राहून बघा. "दोन जेल्युसिल द्या." "डायजिन आहे का?" "ईनोची पुडी द्या हो, लिंबाची." कुणी लग्नाचं जेवून आलेलं असतं, कुणी अख्खा दिवस चहावर काढलेला असतो. चिठ्ठी कुणाच्याच हातात नसते, आणि या साध्या गोळ्यांना ती लागतही नाही.

मेडिकलवाला पट्टी कापतो आणि दोन गोळ्या पुढे सरकवतो. गोळीत काय आहे आणि मुदत कधी संपते, हे छापलेला भाग बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहतो. म्हणून शक्यतो अख्खी पट्टी घ्या. फार महाग नसते.

[दृश्य: अगदी जवळून, पांढरी गोळी दाताखाली फुटते.]

ही गोळी चघळायची असते, पाण्याबरोबर अख्खी गिळायची नसते. पूर्ण चावून बारीक केली, तरच ती लवकर कामाला लागते. तिच्यात बहुधा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं. जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल या दोन्हींमुळे मारलं जातं. जोडीला असलेलं सिमेथिकॉन वायूचे बुडबुडे फोडतं, त्यामुळे फुगलेलं पोट जरा हलकं वाटतं. दोन धातू एकत्र घालण्यामागेही हिशेब आहे. मॅग्नेशियमने पोट ढिलं होतं, ॲल्युमिनियमने घट्ट. तरी कुणाला जुलाब होतात, तर कुणाला दोन-दोन दिवस साफ होत नाही.

आता वेळ. बरेच जण मिसळीवर ताव मारण्याआधीच 'नंतर त्रास नको' म्हणून गोळी घेतात. रिकाम्या पोटातून ती अर्ध्या-पाऊण तासात पुढे निघून जाते, म्हणजे खरी गरज पडते तेव्हा ती तिथे नसते. जेवणानंतर तासाभराने घेतली, तर तिचा परिणाम दोन-तीन तास टिकतो. जठरात नवं आम्ल तयार होणं मात्र ती थांबवत नाही. ते काम पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गटाचं. ती औषधं वेगळी, सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं त्यांच्या पट्टीवरच छापलेलं असतं. तरीही ती सर्रास मागितली जातात आणि मिळतातही.

[दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. खायच्या सोड्याचा डबा, चमचा, पाण्याचा पेला.]

घरगुती म्हणून बिनधोक समजला जाणारा खायचा सोडा मला सगळ्यांत जास्त खटकतो. चहाचा एक चमचा सोडा म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा आहे दोन ग्रॅमच्या आत. बीपी असणारा माणूस पानात वरून मीठ घेत नाही, आणि रात्री फसफसणारा पेला मात्र गटागटा पितो! फसफसणाऱ्या पुड्यांतही सोडाच असतो. बीपी, हृदयविकार, पायांवर सूज किंवा गरोदरपण असेल, तर या वाटेला न गेलेलं बरं.

मूत्रपिंडाचा आजार असेल, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर साधी चघळायची गोळीही विचारल्याशिवाय नको. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम शरीराबाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडाचं. तेच थकलेलं असेल, तर दोन्ही अंगात साठत जातात.

[दृश्य: आजीचा गोळ्यांचा डबा. सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे.]

या डब्यात थायरॉइडची गोळी आहे, रक्तवाढीची, म्हणजे लोहाची आहे. घसा बिघडला म्हणून डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिकही सुरू आहे. पित्ताची गोळी यांना पोटातच धरून ठेवते आणि ती औषधं रक्तात पुरेशी पोहोचत नाहीत. मग थायरॉइडचा रिपोर्ट बिघडलेला येतो आणि 'गोळ्या तर वेळेवर घेतोय' म्हणून घरात सगळे बुचकळ्यात पडतात. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा, बाकीच्यांपासून निदान दोन तासांचं. काही औषधांना याहून जास्त अंतर लागतं. ते मेडिकलवाल्याला विचारून घ्या.

[दृश्य: अंधारी खोली. पलंगावर उठून बसलेला माणूस, हात छातीवर.]

"गॅस झालाय, जाईल." या वाक्यापायी आपल्याकडे मोलाचे तास जातात. छातीवर दडपण, दुखणं हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जाणारं, दरदरून घाम, धाप. अशा वेळी गोळी शोधत बसू नका, 108 ला फोन करा. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका कधी कधी नुसत्या मळमळीसारखा किंवा अपचनासारखाही येतो. गोळीने जरा बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे, असं होत नाही.

घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, किंवा पंचावन्नीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यांपैकी काही असेल तर पट्टी बाजूला ठेवून दवाखाना गाठा. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन रोज पोटात जात असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. जठरात जखम, म्हणजे अल्सर, या गोळ्यांनीही होतो.

आणि यातलं काहीच नसलं, तरी दोन आठवडे रोज गोळी लागतेय म्हटल्यावर तपासून घ्यायलाच हवं. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असू शकतो. अल्सरमागे तो असतो हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 मध्ये नोबेल मिळालं. श्वासाची, शौचाची किंवा दुर्बिणीतून तपासणी करता येते, आणि जंतू सापडलाच तर साधारण दोन आठवड्यांचा औषधांचा कोर्स असतो. फक्त तपासणीला जाण्याआधी आपण काय काय घेतो ते खरं सांगा. पँटोप्राझोल चालू असताना तपासणी केली, तर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून ती साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. कधीपासून आणि कशी, ते मात्र डॉक्टरच ठरवतील.