गुलाबी कागदानंतरची चिठ्ठी

नमस्कार श्रोतेहो.

जर्मनीत दहापैकी जवळपास नऊ जणांचा आरोग्यविमा सार्वजनिक विमा संस्थांकडे असतो. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेल्या अनेक मराठी मुलांच्या पाकिटातही त्याचं कार्ड असतं. या विम्यातून मिळणारी औषधं पूर्वी एका गुलाबी छापील कागदावर लिहून मिळत. १ जानेवारी २०२४पासून डॉक्टरांवर ई-चिठ्ठीचं बंधन आलं. गुंगीच्या औषधांसारखे काही प्रकार तेवढे त्या वेळी कागदावरच राहिले.

ही चिठ्ठी कार्डात साठवलेली असते असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. डॉक्टर संगणकावर औषध निवडतात, मात्रा लिहितात आणि आपलं व्यावसायिक ओळखपत्र व पिन वापरून डिजिटल सही करतात. सही झाली की चिठ्ठी सांकेतिक रूपात मध्यवर्ती सर्व्हरवर जाते. औषधाच्या दुकानात रुग्णाचं कार्ड यंत्रात घातलं की तिथून ती उतरते. रुग्णाला पिन लागत नाही. मोबाइल ॲप किंवा कोड छापलेला कागदही चालतो. फरक एवढाच, की कार्ड घातल्यावर अजून न घेतलेल्या सगळ्या चिठ्ठ्या दुकानदाराला दिसतात. एकच दाखवायची असेल तर ॲप किंवा कागद बरा. विम्याच्या खर्चाने औषध घ्यायला साधारण २८ दिवसांची मुदत असते.

सुरुवातीला घोटाळा झाला तो सहीच्या वेळेवरून. गुलाबी कागद होता तेव्हा डॉक्टर मधूनमधून सह्या करत आणि रुग्ण सही झालेला कागद हातात घेऊनच बाहेर पडे. ई-चिठ्ठी आल्यावर काही दवाखान्यांनी दिवसभराच्या चिठ्ठ्या साठवून संध्याकाळी एकदम सह्या करायला सुरुवात केली. रुग्ण दुपारी बाराला दुकानात पोचतो, कार्ड घालतो, आणि पडद्यावर काहीच नाही! सर्व्हर चालू असतो, कार्ड ठीक असतं, पण चिठ्ठी डॉक्टरांच्या संगणकातच सहीची वाट पाहत असते. दुकानदार दवाखान्यात फोन लावतो, फोन लागत नाही, आणि तापाने फणफणलेला माणूस परत फिरतो.

यावर उपाय आधीपासूनच होता. सकाळी एकदा पिन टाकली की २४ तासांत २५० सह्यांपर्यंत पुन्हा पिन न टाकता करता येतात. म्हणजे रुग्ण समोर असतानाच सही होऊ शकते. माझ्या मते डिजिटल आरोग्यसेवेची खरी परीक्षा इथेच असते. यंत्र बसवून भागत नाही, दवाखान्यातल्या कामाचा क्रमही बदलावा लागतो.

दुसरी अडचण बारीक, पण दुकानदाराला महागात पडू शकणारी. अनेक डॉक्टरांच्या एकत्रित दवाखान्यात चिठ्ठी एका डॉक्टरांच्या नावाने आणि सही दुसऱ्यांची, किंवा डॉक्टरांच्या पदाचा रकाना रिकामा. औषध देऊन झाल्यावर विमा संस्था पैसे नाकारेल, ही धास्ती दुकानांना होती. असे रकाने प्रणालीनेच तपासले पाहिजेत. रिकामे असतील तर चिठ्ठी पुढे जाताच कामा नये.

कार्डाची सोयही उशिरा आली. २०२२मध्ये उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात ई-चिठ्ठीचा प्रयोग व्हायचा होता. तिथे रुग्णाला ई-मेलने चिठ्ठीचा कोड पाठवण्यावर माहितीच्या गोपनीयतेवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला, कारण कोड हाती पडला की तिऱ्हाइतालाही चिठ्ठी पाहता आली असती. मग तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने या प्रयोगातून अंग काढून घेतलं. कार्डाने चिठ्ठी उतरवण्याची पद्धत १ जुलै २०२३ला सुरू झाली, आणि मगच वापर झपाट्याने वाढला. छोट्या एस्टोनियात मात्र ई-चिठ्ठी २०१०पासूनच आहे. तिथे आपली आरोग्यनोंद कोणी उघडून पाहिली, हे नागरिकाला स्वतःला तपासता येतं. मला ही तरतूद फार मोलाची वाटते.

आणि यंत्रणा बंद पडली तर? जर्मनीत अशा वेळी गुलाबी कागद वापरायची मुभा ठेवली आहे. ती का हवी, हे आयर्लंडने दाखवलं. १४ मे २०२१ला तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला. सगळे संगणक बंद करावे लागले, रुग्णालयं कागद-पेनावर आली. घुसखोरीची सुरुवात जवळपास दोन महिने आधी उघडलेल्या एका एक्सेल फाइलपासून झाली होती.

आता चिठ्ठी देशाच्या सीमा ओलांडते आहे. फिनलंडच्या चिठ्ठीवर एस्टोनियात औषध मिळायला जानेवारी २०१९मध्ये सुरुवात झाली. युरोपीय संघाचा आरोग्य-माहितीचा नवा कायदा २६ मार्च २०२५ला लागू झाला. त्यानुसार ई-चिठ्ठ्या आणि रुग्णाचा संक्षिप्त आरोग्यसारांश मार्च २०२९पासून, तर स्कॅन आणि प्रयोगशाळेचे अहवाल मार्च २०३१पासून देशादेशांत पोचायला हवेत. इथे अडथळा असतो औषधाच्या नावाचा. एकच औषध शेजारच्या देशात वेगळ्या ब्रँडने, वेगळ्या आकाराच्या पाकिटात मिळतं. तेव्हा युरोपातच राहणाऱ्या आणि एका देशातली चिठ्ठी दुसऱ्या देशात नेणाऱ्या श्रोत्यांनी डॉक्टरांकडून कागदी प्रतही मागून घ्यावी. तिच्यावर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव, गोळी की सिरप, किती मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, एवढं स्पष्ट लिहिलेलं असावं.

नमस्कार.