खाटेखालची आजी

नमस्कार मंडळी! वैद्यकीय मिशनचं वर्ष पुरं करून नुकतीच परतलेय आणि कार्यकारिणीने आग्रहाने बोलायला उभं केलंय. मनापासून आभार. किती शस्त्रक्रिया झाल्या याचा हिशेब अहवालात येईलच. मला आज माणसांविषयी बोलायचंय.

आधी थोडी ओळख. ‘ग्लोबल मर्सी’ हे मर्सी शिप्स या ख्रिस्ती संस्थेचं रुग्णालय-जहाज. लांबी 174 मीटर, आत 6 शस्त्रक्रियागृहं. 2023च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला, फ्रीटाऊनच्या बंदरात आलं. या देशाने 1991 ते 2002 यादवी युद्ध सोसलं. त्यातून सावरतोय तोच 2014मध्ये इबोलाची साथ आली आणि मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या डॉक्टरांपैकीही काही जण तिने नेले. जहाजावर शस्त्रक्रिया मोफत होतात. डॉक्टर, नर्स, खलाशी बहुतेक स्वयंसेवक, आपापल्या खर्चाने आलेले.

माझी ड्यूटी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात होती. त्या देशात घरोघरी स्वयंपाक चुलीवर, उघड्या जाळावर होतो. लहान मुलं भाजतात. वेळेवर उपचार मिळाले नाहीत की जखम भरताना कातडी आकसते. कुणाचं कोपर दुमडलेलंच राहतं, कुणाची हनुवटी छातीला चिकटते. आमच्याकडे एक मुलगा आला, त्याची उजव्या हाताची बोटं तळव्याला चिकटून मूठ कायमची मिटलेली. सर्जननी व्रण सोडवला, मांडीची कातडी काढून तिथे लावली. पण शस्त्रक्रिया काही तासांत संपते, खरं काम पुढे महिनोन्‌महिने चालतं. ड्रेसिंग, स्प्लिंट, व्यायाम, आणि ते सगळं दुखणारं.

त्याच्यासोबत त्याची आजी होती. जहाजावर जागा कमी, म्हणून रुग्णासोबतचं माणूस त्याच्याच खाटेखाली गादी घालून झोपतं. रात्रपाळीत मी बॅटरी घेऊन नाडी-ताप बघायला गेले की खाटेखालून आवाज यायचा, ‘‘आव दि बॉडी?’’ म्हणजे, कशी आहेस? अहो, रुग्ण तिचा, जागरण तिचं, आणि चौकशी माझी! मीही क्रिओत, म्हणजे तिथल्या बोलीभाषेत, मला शिकवलेलं उत्तर द्यायचे, ‘‘आ टेल गॉड टेंकी.’’ म्हणजे, देवाचे आभार. मग ती समाधानाने कूस बदलायची. आईपासून इतक्या दूर असताना रोज रात्री कुणीतरी आपली वाट पाहतंय, हे मला त्या वर्षात फार मोलाचं वाटलं.

ड्रेसिंगच्या वेळी ती त्याला मेंडे भाषेत गाणं म्हणायची. आमच्या स्थानिक सहकारी ते क्रिओत सांगायच्या, पण एरवीही कळत होतंच. फिजिओथेरपिस्टने त्याला ऊनो या पत्त्यांच्या खेळाचा नाद लावला. सुरुवातीला पत्ते डाव्या हातात. मग एके दुपारी त्याने उजव्या हाताने पाच पत्ते पंख्यासारखे धरले, आणि त्याच हाताने एक पत्ता जोरात टेबलावर आपटला. अख्खा वॉर्ड ओरडला. हाडांच्या वॉर्डातली, पायांना प्लास्टर घातलेली पोरंसुद्धा वॉकर खडखडवत काय झालं ते बघायला आली.

मी ख्रिस्ती. प्रार्थनेशिवाय ड्यूटी सुरू होत नसे. रुग्णांपैकी बरेच मुसलमान होते, त्यांचा देशच बहुसंख्य मुसलमान. आजीसुद्धा मुसलमानच. शस्त्रक्रियेच्या सकाळी मी प्रार्थनेचं विचारलं, तर तिनेच माझा हात धरला आणि आम्ही दोघींनी आपापल्या शब्दांत त्याच मुलासाठी मागितलं. रमझानात रोजा सोडायच्या वेळेला ख्रिस्ती सहकारी आठवणीने पाणी घेऊन उभ्या राहायच्या. त्या देशात हे नवलाचं नाही, एकाच घरात दोन्ही धर्म नांदतात. मला मात्र ते रोज पाहताना भरून यायचं.

मिरजेला 1894 साली डॉ. वॉन्लेसनी मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हा असंच कुणी दूरदेशाहून आपल्याकडे आलं होतं. आपल्यापैकी कुणी तिकडे जावं, असं मला मनापासून वाटतं. नर्स-डॉक्टरच हवेत असं नाही. जहाजाला इलेक्ट्रिशियन लागतात, आचारी लागतात. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी शाळा आहे, तिथे शिक्षक लागतात. काही कामांना थोडे आठवडेही चालतात. जेवणानंतर मी इथेच आहे. ज्यांच्या मनात आहे, त्यांनी येऊन बसा, अर्ज कसा करायचा ते सांगते.