उसना चेहरा

नमस्कार श्रोतेहो.

मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या तरुण मुलामुलींवर माहितीपट करायचा म्हटलं की चर्चा सुरू होते ती कॅमेरा कुठला आणि पैसे कुठून, यावर. मी आधी एकच विचारते. आज पडद्यावर दिसलेल्या चेहऱ्याचं उद्या काय होणार?

म्यानमारमध्ये २००७ साली भिक्खू रस्त्यावर उतरले, तेव्हा तरुण वार्ताहरांनी छोटे कॅमेरे लपवून नेऊन ते टिपलं आणि चित्रफिती देशाबाहेर पाठवल्या. जगानं तो उठाव पाहिला तो त्यांच्यामुळे. पण जे चित्रीकरण लष्कराच्या हाती पडलं, त्यावरून मोर्चातली माणसं हुडकली गेली. हे विसरू नका.

आता मला सांगायचीच आहे ती गोष्ट सांगते. रशियातल्या चेचन्यात २०१७ साली समलिंगी पुरुषांची धरपकड आणि छळ सुरू झाला. त्यांना तिथून सोडवण्याचं काम रशियातल्याच काही कार्यकर्त्यांनी अंगावर घेतलं. गुप्त घरं शोधायची, कागदपत्रं जमवायची, माणसं गुपचूप देशाबाहेर काढायची. डेव्हिड फ्रान्स या दिग्दर्शकानं त्यांच्यासोबत राहून ‘वेलकम टू चेचन्या’ हा माहितीपट केला. तो २०२० साली आला. आता अडचण बघा. पळून आलेल्यांचा चेहरा दिसला तर त्यांच्याच जिवावर बेतणार. आणि चेहरा धूसर केला तर माणूसच पुसला जातो. तो रडतोय की घाबरलाय, काही कळत नाही.

मग काय केलं? न्यूयॉर्कमधल्या कार्यकर्त्यांनी आपले चेहरे उसने दिले. हो, चेहरे उसने दिले! त्यांचं सगळ्या बाजूंनी चित्रीकरण झालं आणि संगणकानं तो चेहरा पळून आलेल्याच्या चेहऱ्यावर बसवला. चेहरा एकाचा, पण डोळे भरून येणं, ओठ थरथरणं त्या खऱ्या माणसाचं. चेहऱ्याच्या कडा थोड्या धूसर ठेवल्या, म्हणजे हे आवरण आहे हे पाहणाऱ्याला समजावं. त्यात कुणाची फसवणूक नाही.

यात ग्रिशा नावाचा एक तरुण आहे. त्याला पाहता पाहता तो आपल्या ओळखीचा होतो. मग तो ठरवतो, तक्रार करायची, तीही स्वतःच्या नावानं. मॉस्कोत पत्रकार परिषद भरते. आणि तिथं तो उसना चेहरा विरघळायला लागतो. गाल, हनुवटी, कपाळ, सगळं हलकेच बदलतं आणि खालून त्याचा स्वतःचा चेहरा वर येतो. ग्रिशा आता मॅक्सिम लापुनोव असतो. हे दृश्य मी कितीदा पाहिलंय, दर वेळी श्वास अडकतो. रशियात त्याच्या तक्रारीला दाद मिळाली नाही. २०२३ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला.

जरा विषय सोडून बोलते. माहितीपटात पदोपदी रडकं व्हायोलिन का वाजवतात? माणूस बोलता बोलता गप्प झाला, तर त्याला गप्प राहू द्यावं. संकलनात पहिली कात्री लागते ती नेमकी या शांततेला. रेडिओवर इतकी वर्षं काढल्यावर मला शांततेची किंमत कळलीय, म्हणून हे राहवत नाही.

असो. आवरण कधी उतरवायचं, हे मॅक्सिमनं ठरवलं. म्हणून पुन्हा सांगते, संमती एकदा घेऊन भागत नाही. चित्रीकरणाआधी विचारा. संकलन झाल्यावर दाखवून विचारा. प्रदर्शनाआधी परत विचारा. मोर्चाच्या जोशात एकोणीस वर्षांच्या मुलीनं केलेली सही सहा महिन्यांनी तिला जड जाऊ शकते.

अशाच एका मुलीची मुलाखत मी घेतली होती. आवाज बदलला होता, चेहरा अंधारात होता, मी निर्धास्त होते. तयार झालेला भाग तिला दाखवला, तर तिनं पडद्यावर बोट ठेवलं. “ताई, मागची ही खिडकी. तिच्या गजाला आईनं हिरवी दोरी बांधलीय, कपडे वाळत घालायला. गल्लीतलं कुणीही ओळखेल.”

ती दोरी मला शेवटपर्यंत दिसली नव्हती. ती मुलाखत आम्ही कोऱ्या भिंतीसमोर पुन्हा घेतली आणि पहिलं चित्रीकरण तिच्यासमोरच पुसून टाकलं.