हॉस्टेलच्या खोलीत तब्येत एकट्याची नसते

(दृश्य: सकाळचा कॉरिडॉर, ओळीने बंद दारं)

हॉस्टेलची एक खोली बघा. दोन पलंग, कधी तीन, कधी चार. खिडकी एकच. दाराची कडी अशी की दिवसभर सगळ्यांचे हात तिलाच लागतात आणि कॉरिडॉरच्या टोकाला बाथरूम, तिथले नळ अख्ख्या मजल्याचे. फळं खा, व्यायाम कर, पाणी पी, हे सगळं बरोबरच आहे, पण ते एकट्याने करायचं झालं. इथे हवा सगळ्यांची, नळ सगळ्यांचे, रात्री लाइट कधी बंद होणार हे पण एकट्याच्या हातात नाही.

सुरुवात खरजेपासून करूया, कारण तिच्याबद्दल कोणी तोंडच उघडत नाही. खरूज म्हटलं की लोकांना वाटतं अस्वच्छ माणसाचा आजार, पण तसं अजिबात नाहीये, रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही होते. डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल इतका बारीक किडा असतो, मादी कातडीच्या वरच्या थरात शिरून तिथेच अंडी घालते, आणि कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिली की तो दुसऱ्याकडे जातो, एकमेकांचं अंथरूण, टॉवेल, कपडे वापरले तर त्यातूनही जाऊ शकतो. खरी गोची पुढे आहे. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात, आणि तेवढे दिवस माणूस दिसायला ठणठणीत पण किडा मात्र वाटत असतो. म्हणजे जो आधी खाजवायला लागला त्यानेच आणली असं काही नसतं. पण बोट त्याच्याकडेच दाखवलं जातं, मग तो लाजेने गप्प बसतो, मेडिकलमधून कुठलं तरी मलम आणतो, एकटाच लावतो, चार दिवस बरं वाटतं आणि परत रात्रीची खाज सुरू.

कारण किडा शेजारच्या पलंगावर आहेच. उपचार एकत्र राहणाऱ्यांनी एकाच वेळी घ्यावे लागतात, खाज असो वा नसो. डॉक्टरांनी दिलेलं क्रीम मानेपासून तळपायापर्यंत पूर्ण अंगाला लावायचं, नुसतं खाजतंय तिथे नाही, आणि दुसऱ्यांदा कधी लावायचं तेही त्यांनाच विचारून घ्यायचं. त्याच दिवशी चादरी, टॉवेल, कपडे गरम पाण्यात, आणि जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचं, माणसाच्या अंगाशिवाय हा किडा फार दिवस टिकत नाही. नंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, घाबरू नका. आणि हो, गोल चट्टा असेल तर तो बहुतेक फंगसचा, त्यावर मित्राने दिलेली स्टिरॉइडवाली क्रीम लावू नका, लाली कमी होते आणि फंगस आत पसरत राहतो.

(दृश्य: बेसिनवरचा नळ, साबण)

मजल्यावर एकाला उलट्या-जुलाब झाले आणि दोन दिवसांत निम्मा मजला आडवा, असं झालं की बरेचदा नोरोव्हायरस असतो. याला शंभरपेक्षाही कमी कण पुरतात आजारी पाडायला. सॅनिटायझर यावर नीट चालत नाही, साबण आणि वाहतं पाणी, निदान 20 सेकंद चोळून, हेच लागतं. उलट्या-जुलाब थांबल्यावरही पुढचे 48 तास दुसऱ्यासाठी जेवण बनवू नका, वाढू नका. आणि आजारी माणसाला कोणीतरी घोट घोट ओआरएस पाजत राहायला हवं, कारण त्या अवस्थेत तो स्वतः उठून काही करणार नाही.

सर्दी-तापाचं थोडक्यात सांगायचं तर खिडकी उघडा. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासूनच पसरवायला लागतो, त्यामुळे कोणी शिंकल्यावर खिडकी उघडून उशीर झालेला असतो.

झोपेचं मात्र कोणी मनावर घेत नाही. या वयात 7 ते 9 तास लागतात, आणि विशी-बाविशीपर्यंत शरीराचं घड्याळच थोडं उशिराचं चालतं, त्यामुळे रात्री जागणारा रूममेट आळशी आहे असं नाही. पण एकाची परीक्षा उद्या आणि दुसऱ्याची पुढच्या आठवड्यात, मग मोठा लाइट कोणाच्या सोयीने चालणार? हे भांडण व्हायच्या आधी, पहिल्याच आठवड्यात बसून बोलून घ्या, अमुक वेळेनंतर टेबल लॅम्प, फोनवर बोलायचं तर बाहेर. संध्याकाळच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही अंगात असतं, ते वेगळंच.

आणि रूममेट दोन आठवडे नीट जेवत नाहीये, लेक्चरला जात नाहीये, दिवसभर पांघरूण ओढून पडलाय, तर "मूड नसेल" म्हणून सोडू नका. शेजारी बसा, सरळ विचारा, आणि समुपदेशकाकडे त्याच्यासोबत जा, नुसता पत्ता देऊ नका.

(दृश्य: रात्र, एका खोलीत दिवा)

आता ज्यात तास मोजावे लागतात ते. मेनिंगोकॉकल मेंदुज्वर दुर्मीळ आहे, पण हॉस्टेलमधे राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि माणूस 24 तासांत जाऊ शकतो. लस आहे, अ‍ॅडमिशनच्या आधीच डॉक्टरांना विचारा. सुरुवात साध्या फ्लूसारखी होते, म्हणून "ताप आहे, झोपू दे त्याला" असं म्हटलं जातं, आणि तेच सगळ्यात धोक्याचं. जोराचं डोकं दुखतंय, मान पुढे वाकत नाही, उजेड सहन होत नाही, बोलणं असंबद्ध, किंवा अंगावर असे लालसर-जांभळे डाग की काचेचा ग्लास दाबला तरी फिके होत नाहीत, यातलं काही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, डागांची तर नाहीच. रात्रीचे तीन वाजलेत म्हणून वॉर्डनला उठवायला लाजू नका.

वॉर्डनचा आणि अँब्युलन्सचा नंबर आजच दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, त्याच कागदावर कोणाला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे आणि घरी कोणाला फोन लावायचा, तेही.