मुँह से निकल गया

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात मी इंग्रजीची शिकवणी घेते. मुलं बहुतेक छिंदवाडा, बालाघाटकडची, घरी हिंदी बोलणारी. परवा 'ब्लर्ट आउट', म्हणजे न राहवून पटकन बोलून जाणं, हे असलेलं एक वाक्य हिंदीत करायला दिलं. एकानं लिहिलं, "बच्चे ने सच बक दिया." वर्ग खो खो हसला. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? त्याच्या खिशातल्या कोशात तेच छापलं होतं.

पण बकण्यात बरळणं आलं, तुच्छता आली. ब्लर्टमध्ये तसं काही नाही. वाक्य एवढंसं असतं, बऱ्याचदा खरंही असतं. ते फक्त ओठांच्या आत राहायला हवं होतं. हा शब्द इंग्रजीत 16व्या शतकापासून दिसतो, बहुधा ओठांतून फुर्रकन हवा सुटते त्या आवाजावरून आलेला. 'ब्लर्ट' असं एकदा मोठ्यानं म्हणून बघा. 'ब'ला ओठ मिटतात आणि लगेच फुटतात. आपल्या 'भसकन बोलली'मधलं भसकन काय वेगळं आहे?

हिंदीचं वैभव जोडक्रियापदांत आहे. कुणी विचारायच्या आत उत्तर आलं, की 'बोल पड़ा'. बोलून मग पस्तावला, की 'कह बैठा'. त्या 'बैठा'त सगळा पश्चात्ताप बसलेला असतो! म्हणून मुलांना सांगते, आधी बघा, बोलणारा उतावळा आहे की पस्तावलेला, मग हिंदी शब्द निवडा.

आणि 'मुँह से निकल गया'? सर्वांत सोयीचं तेच. त्यात बोलणारा कुठेच नाही. वाक्य आपल्या पायांनी बाहेर पडलं. इंग्रजीत मात्र 'आय ब्लर्टेड इट आउट' म्हणताना 'मी' टाळता येत नाही.

आमच्या आत्याची साठी होती. तिला पत्ता लागू न देता शनिवारी सगळे जमणार होतो. गुरुवारी तिचा फोन आला, इकडचं तिकडचं झालं, आणि मी विचारलं, "आत्या, शनिवारी कुठली साडी नेसणार?"

पलीकडे शांतता. मग, "शनिवारी काय आहे गं?"

रात्री आतेभावाला फोन करून म्हटलं, "अरे, तोंडातून निघून गेलं रे."

तो म्हणाला, "निघून गेलं, की तू काढलंस?"