जुनी नोट म्हणजे लॉटरी नव्हे
(नाशिकरोड येथील ज्येष्ठ नागरिक मंडळातील व्याख्यान, संपादित)

नोटांवर बोलायला नाशिकरोडला यायचं म्हणजे धाडसच. 1928 पर्यंत आपल्या नोटा विलायतेहून छापून यायच्या, त्यानंतर इथल्या प्रेसमध्ये छापायला लागले. समोर निम्मे लोक प्रेसचे निवृत्त दिसतायत. जन्मभर नोटांत वावरलात आणि रोज संध्याकाळी झडती देऊन रिकाम्या हाताने घरी गेलात! (हशा)

विषय दिलाय ‘जुन्या नोटेची किंमत कशी ठरते’. त्यावर येतोच. पण आधी ती ट्रॅक्टरच्या चित्राची पाचाची नोट. ‘घरात असेल तर लाखो मिळतील’ हा मेसेज कुणाकुणाला आला? बघा, सगळे हात वर. अहो, कोट्यवधी छापल्यात त्या!

आमच्या साडूंना सासऱ्यांच्या ज्ञानेश्वरीत दहाची नोट सापडली. सहावा जॉर्ज, खाली चिंतामणराव देशमुखांची सही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या महाडकडचे. साडूंना वाटलं, फ्लॅटचे हप्ते फिटले. नोट जरा मळकी होती, म्हणून बाईसाहेबांच्या सिल्कच्या साड्यांचं लिक्विड घेऊन धुतली. वर रुमाल टाकून इस्त्री. प्रदर्शनात विक्रेत्याने ती बोटांत धरून हलवली. आवाज नाही. तिरकी धरली, तर शाईचा उठाव सपाट झालेला. म्हणाला, “काका, इस्त्री मारलीत ना? आठवण म्हणून ठेवा.” ही नोट तशी भरपूर मिळते, जी काही किंमत असते ती करकरीतपणाची. मळ चालला असता हो! साडू अजून म्हणतात, तो माणूस चोर होता.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो. वय शेवटी बघायचं. आधी स्थिती: घडी, डाग, चिकटपट्टी. डावीकडची पिनेची भोकं जुन्या नोटेला माफ असतात, कारण बंडलंच पिना मारून यायची. ते 2001 मध्ये बंद झालं. मग सही, म्हणजे कुठल्या गव्हर्नरची ते. 1969 च्या गांधी शताब्दीच्या नोटा घ्या, सेवाग्रामच्या आश्रमापुढे बसलेले गांधीजी. तीच नोट, पण लक्ष्मीकांत झांच्या सहीची मुबलक आणि आडारकरांची दुर्मिळ. आडारकर 1970 मध्ये जेमतेम 42 दिवस गव्हर्नर होते, म्हणून भाव चढा. मग नंबर. 2006 पासून खराब छपाईच्या बदली येणाऱ्या नोटेच्या नंबरात तारा असतो, तो बघा. आणि 1978 ला रद्द झालेल्या हजाराच्या नोटा लोकांनी बँकेत भरून टाकल्या, म्हणून आज कमी दिसतात.

हो, एक राहिलं. रिझर्व्ह बँक नोटा विकत घेते, आधी ‘फी’ भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. 2021 मध्ये बँकेनेच तसं बजावलंय.

नोटा आणल्या असतील तर बाहेरच्या टेबलावर दाखवा. चहाचा कप मात्र दुसऱ्या टेबलावर ठेवून या.