तिसऱ्या रकान्यातला पैसा

छत्रपती संभाजीनगर महापालिकेच्या अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडलं की आधी जमेची बाजू लागते, मग खर्चाची. प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे जमाखर्चाच्या प्रत्येक बाबीपुढे, रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती आले, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती आणि पुढच्या वर्षाचा अंदाज किती. अखेरीस शिल्लक. ती दाखवावीच लागते, कारण महापालिकेला तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही.

आता मालमत्ता कराची ओळ धरा आणि पहिल्या रकान्यातून थेट तिसऱ्यात या. आकडा एकदम मोठा झाला असेल, तर तिथं थांबा. असं काय घडणार आहे की वसुली दोनच वर्षांत एवढी वाढेल? नव्या मालमत्तांना कर लागला का? थकबाकीदारांच्या मालमत्ता जप्त होणार आहेत का? उत्तर नसेल, तर शेवटच्या पानावरची शिल्लक या एका आकड्यावर उभी आहे, असं खुशाल समजा.

हे कसं होतं, तेही सांगतो. प्रत्येक वॉर्डाला रस्ता हवा, ड्रेनेज हवं, पथदिवे हवेत, आणि या मागण्या खोट्या नसतात. त्यांची बेरीज जमेच्या पुढे जाते. कामं कापली तर ओरड होते; वसुलीचं उद्दिष्ट वाढवलं तर कुणीच ओरडत नाही. म्हणून अर्थसंकल्प फुगतो. मग टेंडर निघतं, काम होतं, बिल लेखा विभागात येतं आणि पडून राहतं. पुढच्या वर्षीच्या पैशातून आधी ही जुनी देणी भागवायची. बिल उशिरा मिळणार हे ठेकेदाराला ठाऊक असतं, त्यामुळे तो दर तरी चढा भरतो किंवा कामात तरी हात राखतो. फुगवलेल्या आकड्याची किंमत अशी रस्त्यावर उतरते.

जमेची बाजू मुळात अशक्त का, हेही पाहायला हवं. जकात होती तेव्हा नाक्यावर रोज रोकड यायची. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला. जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यापासून राज्य सरकारकडून भरपाई मिळते. 2016-17 हे वर्ष पायाभूत धरून त्यात दरवर्षी 8 टक्के वाढ, असं तिचं सूत्र आहे. पैसा खात्रीचा, पण तो किती वाढवायचा हे शहराच्या हातात नाही. त्यातच वाळूजची औद्योगिक वसाहत महापालिकेच्या हद्दीबाहेर. तिथल्या कामगारांपैकी कितीतरी जण राहतात शहरात, इथलेच रस्ते नि इथलंच पाणी वापरतात. कारखान्यांचा मालमत्ता कर मात्र महापालिकेला मिळत नाही.

आणि गुंठेवारी, म्हणजे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरच्या वस्त्या. वीस बाय तीसचा प्लॉट, बॉण्डवर झालेला व्यवहार, वर एक मजला चढवलेला. अशा घराची करआकारणी झालेली नसेल, तर त्याच्याकडून वसुली कसली करणार? मला विचाराल तर उद्दिष्टाचा आकडा वाढवण्याआधी प्रत्येक गल्लीत मोजणीची टेप गेली पाहिजे.

खर्चाच्या बाजूला पगार, पेन्शन आणि पाणी. पाणी येतं पैठणच्या नाथसागरातून, चढावर, टप्प्याटप्प्यानं उपसून. फारोळ्याला शुद्ध होतं, नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढतं, तिथून शहरात उतरतं. पंप चालले की वीजबिल आलंच. मग गल्लीत पाणी कितव्याही दिवशी येवो. 2022 मध्ये घरगुती पाणीपट्टी वर्षाला 4,050 रुपयांवरून 2,025 रुपयांवर आणली गेली. म्हणजे महिन्याला 170 रुपयेसुद्धा नाहीत. पण आठवडाभर नळाची वाट पाहून टँकर नि जारवर पैसे घालवणाऱ्या बाईला ही पट्टी स्वस्त आहे, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? सेवा नाही म्हणून वसुली नाही आणि वसुली नाही म्हणून सेवा नाही. ही गाठ सोडवायची, तर सुरुवात महापालिकेनंच करायला हवी.

2,500 मिलिमीटर व्यासाच्या जलवाहिनीची नवी योजना त्यासाठीच आहे. 1,680 कोटींची ही योजना 2,740 कोटींवर गेली. त्यात महापालिकेचा हिस्सा 30 टक्के, म्हणजे 822 कोटी. एवढी रक्कम कर्जाशिवाय उभी राहत नाही; आणि कर्ज आलं की हप्ता आला, वर्षानुवर्षं. शिवाय पाणी जास्त उपसायचं तर वीजही जास्त लागणार. त्या दोन्ही रकमांसाठी खरी, वसूल होणारी जमा कुठून येणार, हे कराचे दर ठरतानाच स्पष्ट झालं पाहिजे. कायद्यानं त्या दरांची मुदत 20 फेब्रुवारी आहे, म्हणजे आर्थिक वर्ष संपायच्याही आधी. वर्तमानपत्रात मथळा येतो तो अर्थसंकल्पाच्या दिवशी. बघायला जायचं ते त्याआधी, कराचे दर ठरतात त्या सभेला.